न कापलेलं गवत

टिटवी परत आली आहे. महिना होत आला. सोसायटीच्या ग्रुपवर ही बातमी अजून कुणी टाकलेली नाही आणि माझ्याकडून ती जाणारही नाही. इथे लिहायला हरकत नाही, कारण आमचे सेक्रेटरी सामंत चार ओळींपेक्षा लांब काही वाचत नाहीत.

खरं तर टिटवी ही लपून राहणारी बाई नव्हे. तिच्या आवाजाला गाणं म्हणायचं धाडस कुणी करणार नाही. बँकेच्या रांगेत मध्येच घुसलेल्या माणसाला मागून जी हाक येते, तशी तिची हाक. सकाळी मी गॅलरीत चहा घेऊन बसतो तेव्हा मागच्या माळावरून ती येते, आणि बायको आतून म्हणते, "ओरडतेय बघा तुमची." हे 'तुमची' ती दोन वर्षांपासून म्हणते. त्यात कौतुक नसतं.

लोक टिटवीला अपशकुनी म्हणतात. आभाळ कोसळू नये म्हणून ती पाय वर करून झोपते, असंही म्हणतात, आणि हसतात. मला हसू येत नाही. गेल्या काही वर्षांत मी ज्या ज्या समारंभांना बसलो, तिथल्या प्रत्येक व्यासपीठावर आभाळ आपणच धरून ठेवलंय असं सांगणारा एक तरी वक्ता होता. टिटवी निदान शाल आणि श्रीफळ मागत नाही.

आमची इमारत टिटवाळ्याच्या अगदी कडेला आहे. कडेला म्हणजे आम्ही राहायला आलो तेव्हा होती. आता तिच्यापुढे आणखी तीन कडा उभ्या राहिल्यात. मागच्या बाजूला मात्र काळू नदीकडे उतरत जाणारा एक माळ शिल्लक आहे. कागदोपत्री तो उद्यानासाठी राखीव आहे. आपल्याकडे राखीव म्हणजे विसरलेला, आणि विसरलेला असल्यामुळेच तो चांगला होता. मधोमध बांधकामाच्या वेळची खडी पसरलेली, भोवती गुडघाभर गवत, कडेला रुई आणि घाणेरी, आणि उताराच्या तळाशी उन्हाळ्यातही ओल धरून राहणारा एक ओहोळ.

दोन वर्षांपूर्वीचा तो चैत्र-वैशाख मला वासांनी आठवतो. वाळलेलं गवत उन्हात तापलं की त्याला भाजलेल्या शेंगांच्या टरफलांसारखा वास येतो. रुईची बोंडं फुटून म्हाताऱ्या उडत आणि आमच्या जाळ्यांना येऊन अडकत. दुपारी माळावरची हवा इतकी हलायची की पलीकडची अर्धवट बांधलेली इमारत पाण्यात उभी असल्यासारखी दिसे. आणि त्या हलत्या हवेत, पिवळ्या पायांच्या दोन काड्यांवर उभी असलेली ती, डोळ्यापुढे लाल कातड्याची पट्टी, काळा गळा. माळाची मालकीण असल्यासारखी.

मी त्याच वर्षी निवृत्त झालो होतो. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात एकतीस वर्षं ड्राफ्ट्समन होतो. रेघ मारणं हा माझा धंदा. निरोपाला सहकाऱ्यांनी दुर्बीण दिली. ती का दिली हे त्यांनाही ठाऊक नसावं, घड्याळं देऊन कंटाळले असतील. पण गळ्यात दुर्बीण असलेल्या माणसाला आपल्याकडे पक्षीतज्ज्ञ व्हायला पंधरा दिवस पुरतात. आमच्या इमारतीत तर मला दहाच लागले.

हिराबायची ओळख त्याच दिवसांतली. आमच्या इमारती ज्या शेतांवर उभ्या आहेत त्यातलं एक तिच्या सासऱ्याचं. आता मुलाचं तीन मजली घर आहे, दारात दोन गाड्या आहेत. तरी गोठ्यात दोन म्हशी तिने हट्टाने ठेवल्यात. रोज सकाळी विळा घेऊन माळावर यायची, भारा बांधायची, डोक्यावर घेऊन जायची. साठी ओलांडलेली बाई, पण तो भारा उचलताना कुणाकडे बघायची नाही.

"ओ मास्तर! थांबा तिथंच!"

मी कधीच मास्तर नव्हतो. चष्मा, वही आणि पायात बूट एवढ्या पुराव्यावर तिने मला मास्तर केलं, ते अजून आहे.

"साप आहे का?" मी एका पायावर उभा राहून विचारलं.

"साप असता तर मी कशाला बोंबलू? तुमीच बोंबलले असते. खाली बगा, बुटापुढं."

मी पाहिलं. खडी होती. पुन्हा पाहिलं, तेव्हा खडीतले चार खडे एका मापाचे दिसले. मातकट रंग, वर शाई शिंपडल्यासारखे काळे डाग, आणि चौघांची निमुळती टोकं आत वळलेली, जणू चार जण डोकं एकत्र करून काही ठरवतायत. ना काडी, ना पीस, ना कापूस. जमिनीत बशीएवढा खळगा, भोवती चार खडे रचलेले. माझा बूट तिथून वीतभर लांब होता.

"इतक्या उघड्यावर?" मी म्हणालो. "चार पावलांवर गवत आहे. त्यात घालायची ना अंडी."

"गवतान बसली तर मुंगूस येतो तो तिला दिसल कसा?" हिराबाय म्हणाली. "उघड्यावर बसली का तिला चारी बाजूचा दिसतंय. कुत्रा लांब हाय तवाच उठते, न् गुपचूप चालत सुटते. मग तिकडं जाऊन बोंबलते. कुत्रा तिच्या मागं जातो. अंड्यांकडं कोन बगतोय?"

"मग गवत काय कामाचं?"

"तो तिचा नाय. तो पोरांचा."

असं म्हणून ती कापायला लागली, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की तिचं कापणं वेडंवाकडं दिसतं खरं, पण तसं नाही. आजूबाजूचं सगळं गवत ती घेत होती, आणि खडीच्या काठापासून थेट ओहोळापर्यंत तीन-चार हात रुंद एक पट्टी सोडून देत होती. विळा तिथवर जाई आणि भिंत लागल्यासारखा मागे येई. मी तोवर रोज गॅलरीतून ते बघून, बाई आळशी आहे, असं मनात म्हणत असे. सांगायला लाज वाटते, पण म्हणत असे.

"टिटवीची वाट," ती म्हणाली. "सासू शिकवून गेली. अंडा फुटला का पिल्लू त्याच दिवशी चालतंय, कोंबडीचे पिलासारखा. चालतंय, पन जाईल कुठं? त्याला पानी पायजे, किडा पायजे, तो सगला खाली ओहोळावर. न् वर घार. म्हनून येक वाट ठेवाची, कापाची नाय. म्हशी काय तेवढ्यानं मरत नाय."

"आणि वाटेत घार आलीच तर?"

"आय वरडते. ती वरडली का पिल्लू जिथं हाय तिथं दगड. हलाचा नाय, डोला मिटाचा नाय. गवतान दगड झाला का कोनाला दिसत नाय." तिने भाऱ्याची गाठ आवळली. "उघड्यावर दगड झाला का संपला."

पुढचे तीन आठवडे माझे त्या खडीवर गेले. अंडी उबवणं म्हणजे ऊब देणं, असं मी समजत होतो. वैशाखात टिटवी अंड्यांना ऊब देत नाही, उन्हापासून वाचवते. नर-मादी पाळीपाळीने ओहोळावर जात, पोट भिजवून येत, आणि ओल्या पोटाने अंड्यांवर उभी राहत. हे मी दुर्बिणीतून पाहिलं आणि आत बायकोला सांगायला गेलो. ती ओला नॅपकिन डोक्यावर घेऊन पंख्याखाली बसली होती. म्हणाली, "त्यात काय सांगायचं?"

माळावर आणखीही संसार होते. हिराबायने एका गवताच्या झुपक्याखाली चंडोलाच्या घरट्याची वाटी दाखवली. ती टिटवीच्या बरोबर उलट: झुपका जेवढा दाट तेवढी सुखरूप. एक जण उघड्यावर बसून वाचतो, दुसरा झाकून घेऊन, आणि दोघांना एकच माळ पुरतो, कारण त्यावर उघडंही आहे आणि झाकलेलंही. हे इतकं साधं आहे की ते कुणी लिहून ठेवलं नसावं, असं मला वाटलं. मग मी लिहिलं, आणि तिथेच माती खाल्ली.

ग्रुपवर घरट्याचा फोटो मी टाकला. मीच. कबुली दिलेली बरी. खाली अंगठे आले, हात जोडलेले आले, 'सो क्यूट' आलं. दुसऱ्या दिवशी सामंत घरी आले. पंचेचाळिशीचा उत्साही माणूस. त्याच्या उत्साहाला सुट्टी नसते.

"काका, हा आपल्या संकुलाचा मानबिंदू आहे. यावर एक रिपोर्ट द्या. एकच पान. वरपर्यंत पाठवतो."

मी दोन पानं दिली. पुस्तकं चाळली, मोठी वाक्यं जमवली. टिटवी मोकळ्या, विरळ वनस्पतीच्या जमिनीवर घरटं करते, आजूबाजूचं स्पष्ट दिसणं तिच्या अंड्यांच्या सुरक्षिततेसाठी आवश्यक असतं, वगैरे. सगळं बरोबर होतं. माझ्याकडच्या पुस्तकांत वाटेबद्दल काही नव्हतं, म्हणून टिपणातही नव्हतं. हिराबायचं म्हणणं मला पटलं होतं. 'गवत कापणाऱ्या एका स्थानिक महिलेच्या मते' असं वाक्य मी एकदा लिहिलंही, आणि खोडलं. त्याने टिपणाची उंची कमी होत होती.

सामंतांनी दुसरं पान वाचलं नाही. पहिल्यावरून निष्कर्ष काढला.

"म्हणजे तिला क्लीन जागा लागते."

"मोकळी."

"तेच ना. मग आपण अख्खा प्लॉटच क्लीन करून देऊ. तिला चॉइस राहील."

यानंतर गोष्टी ज्या वेगाने झाल्या तो वेग मी या परिसरात फक्त समारंभांच्या वाट्याला आलेला पाहिलाय. ज्या माळाला दहा वर्षांत एक बाक मिळाला नव्हता, त्याला आठवड्यात कमान मिळाली. 'टिटवी संवर्धन अधिवास – लोकार्पण सोहळा.' फ्लेक्सवर नऊ चेहरे होते आणि एक पक्षी. पक्षी निळ्या पंखांचा, लाल चोचीचा, कुणी परदेशी पाहुणा होता. मी सामंतांना म्हटलं, ही टिटवी नाही. ते म्हणाले, "काका, टिटवीचा फोटो प्रिंटमध्ये डल येतो."

शुक्रवारी गवत कापायचं मशीन आलं. हिराबाय विळा घेऊन वाटेपुढे उभी राहिली.

"ह्यो नाय कापाचा."

"आजी, बाकीचं सगळं तुम्ही घेऊन जा, आम्ही भारे बांधून देतो," सामंत म्हणाले. त्यांना ते औदार्य वाटत होतं.

"मना भारा नको. ह्यो पिल्लांचा हाय. दोन दिसान अंडी फुटतील. तवर थांब, मग कर काय कराचा तो."

"रविवारी लोकार्पणाला साहेब येतायत, आजी. ही मध्येच अशी पट्टी राहिली तर काम अर्धवट वाटेल." मग ते माझ्याकडे वळले. "काका, तुमच्या रिपोर्टमध्ये असं काही आहे का?"

हिराबायनेही माझ्याकडे पाहिलं.

"रिपोर्टमध्ये नाही," मी म्हणालो.

हे उत्तर खरं होतं. इतकं खरं आणि इतकं नालायक उत्तर मी आयुष्यात दुसरं दिलेलं नाही. मशीन सुरू झालं. सासू-सुनेने राखलेली वाट कापायला त्याला मोजून चहा पिण्याएवढा वेळ लागला. मग ट्रकमधून हिरव्या लॉनच्या वळकट्या उतरल्या आणि सतरंज्यांसारख्या पसरल्या गेल्या, खडीच्या काठापासून ओहोळापर्यंत. घरट्याभोवती फक्कीचं पांढरं वर्तुळ आखलं, चार खुंट्या ठोकून दोरी बांधली. चंडोलाचा झुपका होता तिथे प्लास्टिकची कुंडी आली. त्या वाटीचं काय झालं हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

टिटव्या मात्र परत आल्या. मशीन गेलं, माणसं गेली, आणि त्या पांढऱ्या वर्तुळात येऊन बसल्या. मला क्षणभर वाटलं, निभावलं. शनिवारी दुपारी अंडी फुटली. चारही. ओल्या कापसाचे चार गोळे, तासाभरात सुकलेले, आणि मग उभे. स्वतःपेक्षा लांब पाय. मी आनंदाने सामंतांना फोन केला. सवय माणसाची जात नाही.

"वा! काका! जिवंत पिल्लांसह लोकार्पण!"

रविवारी नऊची वेळ होती. साहेब साडेअकराला आले. तोवर खुर्च्यांना आच्छादनं होती, माणसांना मंडप होता, स्पीकरवर निसर्गगीतं होती. वर ड्रोन घिरट्या घालत होता आणि दोन्ही टिटव्या त्याच्यावर झेपावत होत्या, जीव तोडून ओरडत. सूत्रसंचालक म्हणाला, "बघा, पक्षीसुद्धा पाहुण्यांचं स्वागत करतायत!" टाळ्या पडल्या.

पिल्लांना पाणी हवं होतं. ती वर्तुळातून निघाली होती, हिराबायची सासू सांगून गेली होती त्याच दिशेने, ओहोळाकडे. वाट तिथे नव्हती, एवढं त्यांना कुणी कळवलेलं नव्हतं. ती लॉनवर आली. वर आई ओरडत होती. आणि आई ओरडली की जे करायचं, ते त्यांनी केलं: बसली, मान जमिनीला लावली, दगड झाली.

खडीत ती मला दुर्बिणीतूनही सापडली नसती. वाळल्या गवतात हिराबायलाही सापडली नसती. त्या हिरव्यागार गालिच्यावर मात्र चार तपकिरी ठिपके व्यासपीठावरून नुसत्या डोळ्यांना दिसत होते, पांढऱ्या चादरीवर सांडलेल्या चहाच्या थेंबांसारखे. ज्यांना ते बघायला बोलावलं होतं त्यांच्यातलं कुणी बघत नव्हतं. घारीला आमंत्रण नव्हतं, ती आली.

पहिलं घारीने नेलं. साहेब तेव्हा निसर्ग हाच आपला खरा गुरू कसा, ते सांगत होते. दुसरं आणि तिसरं कावळ्यांनी, एकामागून एक, अगदी चालत येऊन. पिल्लं हलली नाहीत. पळाली असती तर कदाचित एखादं वाचलं असतं; पण हलायचं नाही असं आईचं सांगणं होतं, आणि ती आज्ञाधारक होती. मी पहिल्या रांगेत बसलो होतो. हातात गुच्छ होता. मी उठलो नाही, कारण भाषण चालू होतं. सभ्यपणाचा इतका राग मला त्याआधी कधी आला नव्हता.

उठली हिराबाय. उठली म्हणजे ती बसलेलीच नव्हती. ओहोळाच्या कडेला उभी होती. ती सरळ लॉनवरून चालत आली, व्यासपीठासमोरून, चपला घालून. चौथ्या पिल्लाशी जाऊन उभी राहिली आणि दोन्ही हातांनी पदर पसरून त्याच्यावर सावली धरली.

"आजी, बाजूला व्हा ना जरा," फोटोग्राफर ओरडला. "फोटोत येताय!"

ती बाजूला झाली नाही. एक पाऊल टाकलं, थांबली. पिल्लू उठलं, सावलीबरोबर चार पावलं धावलं, थांबलं. पुन्हा एक पाऊल. असं करत करत, पदराची वाट करून, ती त्याला ओहोळापर्यंत घेऊन गेली. टिटवी तिच्या डोक्यावर चोच मारायला येत होती. तिला काय ठाऊक, हा पदर कुणाच्या बाजूचा आहे ते. माणसांच्या बाबतीत तिचा अंदाज एरवी बरोबरच होता.

दुसऱ्या दिवशी मी माळावर गेलो. हिराबाय तिथे होती, विळा नव्हता. कापायला काही उरलंच नव्हतं.

"चौथ्याचं काय झालं?"

"लव्हाळ्यान गेला. पुढचा मना ठावं नाय." ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. "त्या सेकेटरीला काय बोलू? त्याला म्हाईतच नव्हता. तुमाला म्हाईत होता ना, मास्तर?"

वर्षअखेरीस सोसायटीचा अहवाल आला, गुळगुळीत कागदावर. त्यात टिटवीवर एक परिच्छेद होता: 'अधिवासातील चारही अंड्यांतून पिल्ले सुखरूप बाहेर आली. प्रकल्प पूर्णतः यशस्वी.' कुठल्याशा संस्थेने त्यासाठी चषकही दिला. तो आमच्या लॉबीत काचेच्या कपाटात आहे, लिफ्टची वाट बघताना रोज दिसतो. मी सामंतांना सांगायला गेलो होतो की अंडं फुटणं हे यश नसतं, ती सुरुवात असते. पंखात बळ येऊन पिल्लू उडेल तेव्हा यश. ते म्हणाले, "काका, आपला स्कोप घरट्यापुरता होता."

हे वाक्य मी विसरू शकत नाही. आपल्या भोवतालची किती कामं या एका वाक्यावर उभी आहेत. झाडं लावतात, आपला स्कोप खड्ड्यापुरता. तलाव सुशोभित करतात, स्कोप कठड्यापुरता. पुढचं पाऊल कुठे पडणार, हे बघायला कुणी नेमलेलं नसतं. ते हिराबायसारखी कुणीतरी बिनपगारी बघत असते, आणि तिला फोटोतून बाजूला व्हायला सांगतात. आणि मी कोण हसणारा? माझा स्कोप दोन पानांपुरता होता.

लॉन पुढच्या उन्हाळ्यात मेलं. त्याला पाणी घालायची तरतूद फक्त लोकार्पणापर्यंतच होती. त्या वर्षी टिटवी आली, माळावरून दोन चकरा मारल्या आणि गेली. यंदा मात्र माळ पुन्हा विसरला गेलाय. गवत आलं, रुई आली, कमान एका बाजूला कलली. टिटवीने अंडी घातली ती त्या कलत्या कमानीपासून दहा पावलांवर, जुन्याच खडीत. हिराबायकडे आता एकच म्हैस आहे, गुडघे दुखतात. पण मार्च सरता सरता ती आली, आणि खडीपासून ओहोळापर्यंतची पट्टी सोडून बाकीचं कापत सुटली. मी भारे बांधले. माझी गाठ सुटते, ती पुन्हा बांधते.

गेल्या आठवड्यात सामंतांचा फोन आला. स्वच्छता मोहीम आहे, मशीन येतंय, अख्खा प्लॉट घ्यायचा.

मी फोन ठेवला आणि बऱ्याच दिवसांनी ड्रॉइंग बोर्ड काढला. माळाचा नकाशा काढला, मापात, उत्तरेचा बाण दाखवून. खाली उजव्या कोपऱ्यात चौकट, चौकटीत नाव, दिनांक, सही. खडीपासून ओहोळापर्यंत दोन समांतर तुटक रेघा ओढल्या, पाच हात रुंद. हिराबाय सोडते त्यापेक्षा जास्तच. आणि त्यांच्यामध्ये माझ्या सगळ्यात चांगल्या अक्षरात लिहिलं: 'भूमिगत वाहिनी. यावर यंत्र चालवू नये.' एकतीस वर्षांत मी कागदावर एक खोटी रेघ मारली नव्हती. या दोन मारल्या, पट्टी लावून.

सामंतांनी नकाशा दोन्ही हातांत धरून बघितला. एका म्हातारीच्या तोंडी सांगण्याला जी किंमत नव्हती ती तुटक रेघेला होती.

"बरं झालं काका, वेळेवर सांगितलंत. मशीन गेलं असतं वरून."

मशीनवाल्याने हद्दीच्या खुंट्या मागितल्या. मी त्या आदल्या संध्याकाळीच ठोकून ठेवल्या होत्या. तो बाहेरून फिरला, बाहेरूनच परत आला. संध्याकाळी हिराबाय येऊन वाटेची रुंदी बघून गेली. म्हणाली, "जास्ती सोडलाव, मास्तर." पण उगाच म्हणाली.

परवा अंडी फुटली. मी कुणालाही फोन केला नाही. बायकोलाही उशिराच सांगितलं, ती म्हणाली, "कळलं मला. तुम्ही चहा न पिता उभे होतात." दुपारी चार ठिपके खडीच्या काठावर आले, आणि गवत सुरू होतं तिथे एकेक करून संपले. वर घार होती. टिटवी ओरडली. गवताचं एक पातं हललं असेल नसेल. मग काही नाही. मी दुर्बीण लावून दीड तास बसलो आणि दीड तास मला वाळलेलं गवत दिसलं.

आज सकाळी सामंत माळाच्या कडेला उभे होते, कपाळावर हात धरून, उन्हाकडे डोळे बारीक करून.

"काका, टिटवी ओरडतेय वाटतं. पिल्लं झाली की काय? मला तर काहीच दिसत नाहीये."

मी गळ्यातली दुर्बीण शर्टाच्या आत सरकवली.

"नाही," मी म्हणालो. "मलाही नाही दिसत."